बॉयलरच्या पोटात दुर्बीण



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत यंत्रसामग्रीच्या दुरुस्तीखर्चाचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतील एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "नळीत बघायला कॅमेरा कशाला पाहिजे? ब्याटरी मारून दिसत न्हाई का? आन् घ्यायचाच असंल तर आमच्या पोरानं मोबाईलला लावायचा दीड-दोन हजारांत आणलाय, तसलाच घ्या की!" सभेत हशा पिकला आणि विषय पुढे गेला.

परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पैसा सभासदांचा आहे. एखादी वस्तू का घ्यायची, कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्या दिवशी वेळेअभावी उत्तर देता आले नाही, ते आज देत आहोत.

नळी फुटली ती रात्र

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट आपणांस आठवत असेल. ऐन जानेवारीत रात्री बॉयलरच्या इकॉनॉमायझरची एक नळी फुटली. वाफ उतरली आणि मिल थांबल्या. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. नळी एकच, पण बॉयलर थंड होऊ द्यायचा, आत माणूस घालायचा, फुटकी नळी शोधायची, ती बंद करायची, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची आणि पुन्हा वाफ धरायची, यात दोन दिवस गेले.

ते दोन दिवस कुणाचे गेले? ऊस तुटून फडात पडला होता. तुटलेल्या उसाचे वजन रोज घटते, ती घट सरळ ऊस उत्पादकाच्या वजनपावतीत दिसते. शिवाय शिळ्या उसातील साखर मोडून उतारा खाली येतो. एफआरपी उताऱ्यावर ठरते. म्हणजे फुटली कारखान्याची नळी, पण झळ लागली प्रत्येक खातेदाराला.

नळी कापून काढली तेव्हा कारण समजले. बगॅसच्या राखेत वाळूचे बारीक कण असतात. धुराबरोबर ते वेगाने नळ्यांवर आपटतात आणि सहाणेवर चंदन झिजावे तशी नळी बाहेरून झिजत जाते. बिगर हंगामात आम्ही तपासणी केली नव्हती असे नाही. केली होती, ब्याटरी मारूनच. पण इकॉनॉमायझरमध्ये नळ्या ओळीमागे ओळ अशा दाटीने बसवलेल्या असतात. उजेड पहिल्या दोन ओळींपर्यंत पोहोचला. झिजलेली नळी होती त्याच्या मागे. हे आमच्या विभागाचे अपुरेपण होते, ते झाकण्यात अर्थ नाही.

ही दुर्बीण आली कुठून?

पोटाच्या विकारावर डॉक्टर तोंडातून बारीक नळी घालून आत बघतात, त्याला आपण 'दुर्बिणीची तपासणी' म्हणतो. कारखान्यातील कॅमेरा हा तिचाच भाऊ. पूर्वी सरळ नळीत भिंगे बसवलेली कडक दुर्बीण असे. ती जिथून घालायची तिथून सरळ रेषेतच दिसायचे. १९५४ साली लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातील मोगा गावचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळे दुर्बीण वाकू लागली. पुढे १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या सीसीडी चकतीचा शोध लागला. त्यातून कालांतराने कॅमेराच नळीच्या टोकावर जाऊन बसला आणि चित्र पडद्यावर दिसू लागले. आज बाजारात मिळतात ते बहुतेक या जातीचे.

आधी जागा, मग कॅमेरा

खरेदीत नेहमी होणारी चूक अशी, की आधी कॅमेरा पसंत करायचा आणि मग तो कुठे चालेल ते बघायचे. वास्तविक उलटे करावयास हवे. कोळपणीला नांगर जुंपत नाहीत आणि नांगरटीला कोळपे चालत नाही. म्हणून आम्ही प्रथम कारखान्यातील अडचणीच्या जागांची यादी केली.

इव्हॅपोरेटरच्या नळ्या : या सरळ उभ्या, साधारण ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि जुन्या धर्तीच्या भांड्यात सुमारे दोन मीटर लांबीच्या. यांत रसातील क्षारांचा थर बसतो. कॉस्टिकने उकळून आणि ब्रश फिरवून साफ केल्यावर थर खरोखर निघाला का, एवढेच बघायचे असते. इथे साधा, पुढे बघणारा कॅमेरा पुरतो.

बॉयलरच्या वाकड्या नळ्या : या वरच्या ड्रममधून खालच्या ड्रममध्ये वळणे घेत जातात. आत क्षार बसला तर पाण्याची थंडाई धातूपर्यंत पोहोचत नाही, नळी तापून फुगते आणि फुटते. कंडेन्सेटमध्ये साखर मिसळून बॉयलरच्या पाण्यात गेली, तर ती मोडून आम्ल तयार होते, ते धातू खाते. हे खड्डे बघायचे तर कॅमेऱ्याची दोरी लांब हवी, वळणातून जाणारी हवी आणि टोक वळवता यायला हवे.

इकॉनॉमायझरच्या ओळी : येथे नळीच्या आत नव्हे, दोन नळ्यांच्या फटीत शिरायचे असते. जागा अरुंद आणि राखेची. नळीची गोलाई जाऊन तिथे चपटा, चकचकीत पट्टा दिसला तर झीज समजावी.

टर्बाईन आणि गिअरबॉक्स : पात्यांची कड किंवा दातांचा पृष्ठभाग बघायचा तर कॅमेरा बारीक, चित्र अगदी स्वच्छ आणि टोक चारही बाजूंना वळणारे हवे. तेलाने खराब न होणारे वेष्टणही हवे.

लांब पाईपलाईन व जमिनीखालील गटारे : येथे बारीक दुर्बीण निरुपयोगी. रिळावर गुंडाळलेल्या ताठ दांडीचा, वीस-तीस मीटर ढकलत नेण्याचा कॅमेरा लागतो.

यादी हातात आली तेव्हा एक गोष्ट सर्वांना पटली : 'एकच घेऊ, सगळीकडे चालवू' हे होणारे काम नव्हे.

विक्रेत्याला काय विचारावे?

मान किती वळते? मोबाईलला जोडायच्या बहुतेक कॅमेऱ्यांची मान वळतच नाही. दोरी नेईल तिकडे तो बघतो. चांगल्या दुर्बिणीचे टोक मुठीतल्या दांडीने वळवता येते. दोरी पूर्ण लांब सोडून, तिला एक वेढा देऊनही टोक तेवढेच वळते का, ते बघावे. टेबलावर सरळ ठेवून सगळेच छान वळतात.

बघतो कुठे, पुढे की बाजूला? नळीचा दोष तिच्या भिंतीत असतो. पुढे बघणाऱ्या कॅमेऱ्याला भिंत तिरपी दिसते आणि खड्डा निसटतो. बाजूला बघणारे भिंग, किंवा बटण दाबून दोन्हीकडे बघता येणारे असेल तर उत्तम.

किती अंतरावर स्पष्ट दिसते? स्वस्त कॅमेऱ्यात काही सेंटीमीटरच्या ठराविक अंतरातच चित्र स्वच्छ, त्याच्या अलीकडे-पलीकडे धूसर. पडदा मोठा आणि आकडे भारी असले तरी हा दोष झाकत नाही.

उजेड कमी-जास्त होतो का? टोकावरचे दिवे घासलेल्या धातूवर एवढे चमकतात, की पडदा पांढरा होतो. काळ्या राखेत मात्र तोच उजेड अपुरा पडतो.

उष्णता, पाणी आणि तेल सोसते का? 'आयपी ६७' असे लिहिले असेल तर साध्या पाण्यात एक मीटर खोल, अर्धा तास, एवढाच त्याचा अर्थ. कॉस्टिकच्या पाण्यात किंवा तेलात चालेल असा नव्हे, ते वेगळे विचारावे. उष्णतेचेही तसेच. साध्या कॅमेऱ्याचे टोक साधारण साठ-सत्तर अंशांपर्यंत तग धरते, भारीही शंभराच्या आसपास थांबतात. बॉयलर थंड होण्याआधी घाईने आत घातला की लाखाची वस्तू गेली.

तुटला तर कोण दुरुस्त करणार? दोरी आतून तुटणे हा नेहमीचा रोग. दोरी बदलून मिळते का, किती दिवसांत आणि केवढ्याला, हे खरेदीपूर्वी लेखी घ्यावे.

परीक्षा आपल्या शेडमध्ये

पत्रके सगळ्यांचीच देखणी असतात. म्हणून आम्ही विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना वर्कशॉपमध्येच बोलावले. भंगारातील एक वाकडी बॉयलर नळी घेतली, तिच्या आत पंचाने तीन खुणा पाडल्या, एक सरळ भागात, एक वळणावर आणि एक वळणाच्या पलीकडे, आणि दोन्ही तोंडांना पोते बांधून अंधार केला. कॅमेरा आमच्या फिटरच्या हातात दिला, विक्रेत्याच्या नाही. कारण हंगामात रात्री-अपरात्री तो आमच्याच माणसाला चालवायचा आहे.

सभासदांनी सांगितलेला मोबाईलचा कॅमेराही मुद्दाम परीक्षेला बसवला. त्याने सरळ भागातील खूण दाखवली. वळणावर मात्र तो नळीच्या भिंतीला टेकून बसला आणि पुढे काही दाखवेना. इव्हॅपोरेटरच्या नळीत घातला तेव्हा त्याने क्षाराचा उरलेला थर व्यवस्थित दाखवला. म्हणजे ते सभासद निम्मे बरोबर होते, हे येथे नमूद करतो. मान वळणाऱ्या, सहा मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीने तिन्ही खुणा दाखवल्या. ज्याची किंमत सर्वांत जास्त होती, त्याने तिसरी खूण थोडी अधिक स्वच्छ दाखवली, आणि खड्डा किती मोठा तेही मोजून दिले. परंतु त्या मोजमापाची गरज आपल्याला टर्बाईनसाठी वर्षातून एकदाच.

यावरून यंत्र विभागाने संचालक मंडळाकडे शिफारस केली ती अशी : इव्हॅपोरेटर विभागासाठी साधे दोन कॅमेरे घ्यावेत. बॉयलर आणि इकॉनॉमायझरसाठी चारी बाजूंना वळणारी, मध्यम किमतीची एक दुर्बीण घ्यावी. टर्बाईनची तपासणी मोजमाप करणारी दुर्बीण बाळगणाऱ्या तज्ज्ञाकडून, भाडे देऊन करून घ्यावी. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूत सभासदांचे लाखो रुपये अडकवू नयेत.

कॅमेरा काय करीत नाही

कॅमेरा दोष दाखवतो, जाडी सांगत नाही. शंका आलेल्या नळीवर ध्वनिलहरींचे जाडीमापक लावावेच लागते. पाण्याच्या दाबाची चाचणी आणि बॉयलर निरीक्षकांची तपासणीही टळत नाही. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा आला, तरी दाखल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही.

मात्र एक फायदा पैशात मोजता येणार नाही. कोंदट, गरम, राखेने भरलेल्या जागेत माणूस घालून बघणे हे जोखमीचे काम. १९४८ च्या कारखाने कायद्याने अशा जागी २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे. आत जाणारा आपलाच कुणाचा तरी मुलगा, भाऊ असतो. जिथे दोरी जाऊन काम भागते, तिथे माणूस घालू नये.

सभासदांना विनंती

दरवर्षी त्याच नळ्यांची चित्रे तारीख आणि नळीचा क्रमांक घालून जपून ठेवण्याचे ठरविले आहे. मागच्या वर्षीचे आणि यंदाचे चित्र शेजारी ठेवले, म्हणजे झीज कुठे वाढली ते अडाण्यालाही कळेल. पुढील सभेत ही चित्रे पडद्यावर दाखवू. नाही दाखवली तर उठून जाब विचारा.

आणि ज्या सभासदांनी तो प्रश्न विचारला, त्यांनी बिगर हंगामात सवड काढून मुलासह वर्कशॉपमध्ये जरूर यावे. चहा पिऊ आणि इकॉनॉमायझरच्या तिसऱ्या ओळीत काय चालले आहे, ते त्यांच्याच डोळ्यांनी दाखवू.

आपला नम्र,
यंत्र विभाग