ताकदीची गोळी

बालमित्रांनो, तुमच्या घरातली ताई किंवा दादा कॉलेजात जातो का? मग हा लेख आधी तुम्ही वाचा आणि मग त्यांच्या हातात द्या. आईबाबांनी मध्येच पळवला तरी रागावू नका बरं का!

आमचं सिहोरा भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात आहे. जवळच चांदपूरचा तलाव, सगळीकडे धानाच्या बांध्या आणि ताटात दोन्ही वेळा भात. इथली बरीच मुलं-मुली सकाळच्या एसटीने तुमसरला कॉलेजला जातात. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्यांतलीच. एकदा स्टँडवर भेटली, तर चेहरा पार उतरलेला.

"काय गं, बरं नाही का?"

"लई थकल्यासारखं वाटते मॅडम. दोन जिने चढले की धाप लागते. पण मी ताकदीच्या गोळ्या सुरू केल्या ना!"

तिने पर्समधून बाटली काढून दाखवली. मैत्रीण घेते म्हणून हिनेही घेतलेली, खाऊच्या पैशांतून. मी बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. सगळी 'ब' गटातली जीवनसत्त्वं होती. लोहाचं नाव कुठेच नव्हतं.

"पण मॅडम, गुण येते. लघवी पिवळीधम्मक होते!"

मला हसू आलं, पण तुम्ही हसू नका. असं पुष्कळांना वाटतं. तो पिवळा रंग 'ब-2' म्हणजे रायबोफ्लेविनचा. शरीराला हवं तेवढं ठेवून उरलेलं ते बाहेर टाकतं. म्हणजे विकत घेतलेल्या गोळीचा बराचसा भाग असा वाहून जात होता!

आता ही जीवनसत्त्वं सापडली कशी, तेही ऐका. आपल्या भाताशीच त्या गोष्टीचा संबंध आहे. जावा बेटावर बटाव्हिया नावाचं शहर होतं, आजचं जकार्ता. तिथे ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. या रोगात पाय लुळे पडतात. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याही एकाएकी लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या! चौकशी केली तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना कशाला, असं म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या टुणटुणीत झाल्या. तांदूळ फार पांढरा करताना जो कोंडा निघून जातो, त्यातच 'ब-1' होतं. 1912 मध्ये कासिमिर फंक यांनी अशा पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचवलं आणि 1929 मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्या स्वयंपाक्याला मात्र काही मिळालं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची. 1928 मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त फार कमी होत असे. कोणतं अन्न कमी पडतंय हे त्यांनी नेटाने शोधलं, तेव्हा मार्माइट या यीस्टच्या काळ्या, चिकट अर्काने त्या बायकांना गुण आला. त्यात जे होतं, त्याला आज आपण फॉलिक आम्ल म्हणतो. हिरव्या पालेभाज्यांतही ते असतं. तेव्हा बघा, रक्त कमी होण्याचं कारण दर वेळी लोहच असेल असं नाही. 'ब-12' कमी पडलं तरीही तसं होतं, आणि ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. मग बाटली बघून आपल्याला काय कमी आहे ते कसं कळणार?

म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासलं. तिच्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 तरी हवं. तिचं निघालं 8.9! दोन महिने ती पैसे मोजून गोळ्या खात होती आणि जे कमी होतं ते त्यांत नव्हतंच. डॉक्टरांनी लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या, त्याही फुकट. ही एकटीच अशी नाही हं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर 100 मुलींपैकी 59 जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं.

परत येताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, शाळेत सोमवारी निळी गोळी द्यायचे ना, ती मी खिडकीतून फेकत होते."

घ्या! शाळेतून दर आठवड्याला मिळणारी ही लोहाची गोळी: लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी. मळमळतं, शौच काळी होते, म्हणून मुलं घाबरतात. शौच काळी होणं हा लोहाचाच परिणाम, त्यात भिण्यासारखं काही नाही. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. बाईंचं लक्ष नाही असं बघून खिडकीबाहेर टाकू नका एवढंच. (आमचं लक्ष असतं!)

तिच्या थकव्याचं आणखी एक कारण होतं. सकाळी चहा-बिस्कीट, मग दुपारी दोनपर्यंत काही नाही, आणि घरी आल्यावर जेवणावर पुन्हा चहा. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. उलट लिंबू किंवा आवळा सोबत असला की जास्त शोषलं जातं. आता ती डब्यात मोड आलेले मूग किंवा पालेभाजी-पोळी नेते आणि वर लिंबू पिळते. चहा तासाभराने. तिच्या आईने भात पसवून पाणी फेकायचंही सोडलं. ती पेज आता घरातच पितात.

आईबाबांसाठी दोन शब्द. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही जीवनसत्त्वं चरबीत साठतात, लघवीवाटे सहज निघून जात नाहीत. 'ड' जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात. तेच कोणी रोज घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दुकानातून बाटली घ्यायचीच असेल तर आधी मागची बाजू वाचा: कोणतं जीवनसत्त्व, किती, आणि रोजच्या गरजेच्या किती टक्के. अन्नपूरक म्हणून विकली जाणारी असेल तर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांकही बघा. पुढच्या बाजूचा पिळदार दंडाचा पैलवान बघून काही कळत नाही.

तीन महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं. 11.6 भरलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या अजून बंद करायच्या नाहीत. तिचा धाकटा भाऊ माझ्या चौथीच्या वर्गात आहे. ती पिवळ्या गोळ्यांची बाटली त्याने रिकामी करून घेतली आणि आता त्यात चिंचोके भरून तो शाळेत आणतो.