युरोप संपतो कुठे?

शाळेच्या नकाशात युरोपचा रंग वेगळा, आशियाचा वेगळा. त्यामुळे मधली रेषा निसर्गानेच आखली असणार, असं आपण धरून चालतो. खंड म्हणजे समुद्राने वेढलेला प्रचंड भूभाग, ही व्याख्याही डोक्यात पक्की बसलेली असते. ऑस्ट्रेलियाला ती चपखल बसते, युरोपला नाही. पोर्तुगालपासून व्लादिवोस्तोकपर्यंत जमीन सलग आहे.

मग उरल पर्वत तरी भूगर्भातली सीमा असेल? तीही नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या टकरीतून उरल उभा राहिला हे खरं, पण आज त्याच्या दोन्ही बाजू एकाच युरेशियन भूपट्टावर आहेत. भूपट्ट हाच निकष लावला तर भारत आणि अरबस्तान आशियातून बाहेर पडतील आणि सायबेरियाचं ईशान्य टोक उत्तर अमेरिकेत जाईल. शिवाय उरल दुर्गमही नाही. त्याचं सर्वोच्च शिखर १,९०० मीटरही भरत नाही. सायबेरियाकडे जाणारी रेल्वे तो सहज ओलांडते. मॉस्कोपासून १,७७७व्या किलोमीटरला रुळांलगत सीमादर्शक स्तंभ दिसतो, तेवढीच काय ती खूण.

ही सीमा प्राचीन आहे, हा समज तर सर्वांत चिवट. ग्रीकांपैकी काही जण जॉर्जियातल्या आजच्या रिओनी नदीला सीमा मानत, काही डॉन नदीला. भूमी एकच असताना तिला तीन नावं का आणि या सीमा ठरवल्या कोणी, असा प्रश्न ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला तेव्हाच पडला होता. पुढे कित्येक शतकं डॉनच चालली. उरलची कल्पना १८व्या शतकातली. फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी १७०९च्या पोल्तावाच्या लढाईनंतर रशियाच्या कैदेत पडला आणि अनेक वर्षं सायबेरियात राहिला. १७३० साली छापलेल्या ग्रंथात त्याने उरलची सीमा मांडली. ती आपणच त्याला सुचवली, असा रशियन विद्वान तातिश्चेव्ह यांचा दावा होता. श्रेय कोणाचंही असो, युरोपीय सत्ता म्हणून ओळख हवी असलेल्या रशियाला ती सोयीची होती: मूळ प्रदेश युरोपात, सायबेरियाची वसाहत आशियात. माझ्या मते ही रेषा टिकण्यात भूगोलापेक्षा या सोयीचा वाटा मोठा आहे.

देशांच्या सीमाही ती पाळत नाही. पर्वताच्या दक्षिणेला सीमा मानल्या जाणाऱ्या उरल नदीच्या दोन्ही काठांवर कझाकस्तानातलं अतिराऊ शहर वसलं आहे, तर तशाच सीमा मानल्या जाणाऱ्या बॉस्पोरस सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर इस्तंबूल. सायप्रस तुर्कस्तान आणि सीरियाच्या जवळ असूनही २००४पासून युरोपीय संघात आहे.

दक्षिणेकडे वाद अजून मिटलेला नाही. कॉकेशसच्या मुख्य रांगेवरून रेषा नेली तर ५,६४२ मीटर उंचीचा एल्ब्रुस युरोपात येतो. उत्तरेच्या कुमा-मानिच खोलगट पट्ट्यातून नेली, तर तो आशियात जातो आणि युरोपातलं सर्वोच्च शिखर म्हणून सुमारे ४,८०० मीटरचं माँ ब्लाँ उरतं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत याचं एकच उत्तर छापतात. सीमा कोणती धरली हे सांगितल्याशिवाय तो प्रश्न विचारूच नये.