उचलण्याआधीचा विचार

ट्रॉम्बे म्हटले की आपणांस अणुभट्टी आठवते. १९५४ व १९५५ साली येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले. पुढे १९५६ साली 'अप्सरा', १९६० साली 'सायरस' आणि १९८५ साली 'ध्रुव' या अणुभट्ट्या चालू झाल्या. असली कामे उभारायची म्हणजे अवजड टाक्या, नळ आणि तुळया उचलून नेमक्या जागी ठेवणे आले. हे काम यारीचे, म्हणजे क्रेनचे. पण ती यारी उभी कोठे करावी, यावरच सारे अवलंबून असते.

'दहा टनांची यारी' असे आपण म्हणतो तेव्हा अर्धीच गोष्ट सांगतो. बैलगाडीतले ओझे मागे सरकले की गाडी उलाळ होते. ओझे तेच, जागा तेवढी बदलली. यारीचेही तसेच आहे. पाच मीटरांवर जेमतेम दहा टन पेलणारी यारी दहा मीटरांवर पाच टनही पेलत नाही. म्हणून जाणता इंजिनियर आधी सर्वांत जड वस्तू कोणती आणि ती कोठे बसायची ते पाहतो. मग अंतर मोजतो आणि यारी शेवटी निवडतो. आकडा व तारदोर यांचे वजनही तो ओझ्यातच धरतो. इमारत वर आल्यावर यारी बाहेर कोणत्या वाटेने निघेल, हेही तो आधीच ठरवतो.

दुसरा प्रश्न जमिनीचा. ट्रॉम्बेला एका बाजूस काळ्या कातळाची टेकडी, तर दुसऱ्या बाजूस तिवरांची खाडी. यारीच्या एका आधारपायावर २४ टन भार आला आणि त्याची थाळी ३० सेंटिमीटर चौरस असली, तर दर चौरस मीटरला सुमारे २६७ टन दाब पडतो. कातळ तो सोसेल. खाडीचा अगदी मऊ चिखल मात्र पाच टनांनाच दबतो. सव्वा मीटर चौरसाचे लाकडी ओंडके खाली घातले तर दाब पंधरा टनांवर येतो, तोही चिखलाला जास्तच. तेव्हा चिखल काढून दगड-मुरुमाची भरणी करावी लागते. एक पाय खचला की यारी कलते, कलली की ओझे आणखी दूर जाते, आणि मग तिला सावरणे कोणाच्याही हाती राहत नाही.

वारा सुटला तर काम थांबविणे, ओझ्याखाली कोणासही उभे न करणे आणि खलाशांपैकी एकानेच इशारा देणे, हे नियम साधे आहेत. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही द्यावा, आणि तो पाळलाच पाहिजे.

१ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसविण्याचे यंत्र कोसळून २० माणसे दगावली. आपल्या गल्लीतही आता यारी येते. ती किती टनांची, हे आपण कौतुकाने विचारतोच. त्याबरोबर तिचे पाय कशावर टेकले आहेत, हेही विचारावे. त्या उत्तरावर खाली राबणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो.