पेशीतील कारखान्याचा हजेरीपट

माणूस थकला की त्याला आळशी ठरविण्याची समाजाला फार घाई असते. जिना चढताना दम लागतो, हात उचलवत नाही, आणि तपासणीत मात्र नाडी, छाती, रक्त सारे ठीक निघते, अशी माणसे कामगार चळवळीत आमच्या पुष्कळदा पाहण्यात येतात. त्यांचा रजेचा अर्ज ‘प्रकृती उत्तम’ या शेऱ्यानिशी परत येतो. अशा साऱ्यांच्या थकव्याचे कारण एकच असते असे नव्हे. परंतु मूळ डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाहीच, हे म्हणणे विज्ञानाने खोटे ठरविले आहे. ते कसे, हे आपण पाहू.

आपल्या बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया अथवा तंतुकणिका नावाचे सूक्ष्म कण असतात. खाल्लेली भाकरी आणि घेतलेला श्वास यांची गाठ अखेर येथे पडते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीतून हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचविले जातात. त्या वाटेवर मिळालेल्या शक्तीने प्रोटॉन आतल्या पडद्याच्या पलीकडे उपसले जातात. धरणात पाणी तुंबावे तसे ते तुंबतात आणि परतताना एका प्रथिनाचे चक्र फिरवितात. त्यातून एटीपी हे द्रव्य तयार होते. स्नायू, मेंदू, हृदय यांची मजुरी बहुतांशी याच नाण्यात चुकती होते. धरणाची ही कल्पना इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी 1961 साली मांडली व 1978 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या धरणाची भिंत झिरपू लागली तर? पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हाताळणाऱ्या कामगारांना घामाच्या धारा लागत, ताप चढे, अंग वाळत जाई. अनेक जण दगावले. हे द्रव्य प्रोटॉनांना परस्पर आत आणून सोडते. चक्र फिरत नाही, शक्ती नुसती उष्णता होऊन जाते, हे पुढे उलगडले. आणि तरीही 1933 पासून अमेरिकेत तेच द्रव्य वजन घटविण्याचे औषध म्हणून खपले! 1938 च्या कायद्यानंतर ते बंद झाले. कामगारांच्या मरणातून बाजाराने धडा घेतला तो असा.

1962 साली स्टॉकहोममध्ये रोल्फ लुफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. ती भरपूर खाई, तरी वाळलेली, सदैव घामाघूम. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी निर्दोष होती. तिच्या स्नायूचा तुकडा काढून त्यातील तंतुकणिका वेगळ्या केल्या, तेव्हा दिसले की मागणी नसतानाही त्या इंधन जाळीतच राहतात. रोगाचे मूळ तंतुकणिकेत सापडण्याचा तो पहिला प्रसंग.

मग प्रश्न आला तो हजेरीपटाचा. या कारखान्यात कामाला आहे तरी कोण कोण? 1981 साली केंब्रिज येथे मानवी तंतुकणिकेची स्वतःची जनुकसंहिता वाचली गेली. ती आईकडून येते, आणि तिच्यात प्रथिनांची जनुके निघाली फक्त 13. बाकी सारी प्रथिने पेशीत बाहेर बनून आत येतात. त्यांची नावे लिहिणे सोपे नव्हते. पेशी फोडली की इतर भागांतील प्रथिनेही चिकटून येतात; आणि आवारात सापडला तो प्रत्येक जण कामगार नसतो. अमेरिकेत वंशी मूथा यांच्या गटाने उंदराच्या 14 अवयवांतील तंतुकणिका घेतल्या, प्रथिनांच्या तुकड्यांची वजने करून ती ओळखली, काहींना चमकणारी खूण लावून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जागा पाहिली, आणि 2008 साली 1,098 जनुकांची यादी दिली. 2020 साली सुधारलेल्या मानवी यादीत 1,136 जनुके आहेत.

यादीचा उपयोग पाहा. साखळीतील पहिले मोठे यंत्र पावाच्या यीस्टमध्ये नाहीच; उत्क्रांतीत ते गळून गेले. गिरणीतले एखादे खाते बंद पडले की हजेरीपटावरून जी नावे त्याबरोबर उडतात, ती त्याच खात्याची, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. याच तर्काने संशोधकांनी त्या यंत्राशी संबंधित 19 प्रथिने हेरली. त्यांपैकी एकाला धड नावही नव्हते, नुसता क्रमांक होता. तान्ह्या मुलांचा जीव घेणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे मूळ त्याच्याच जनुकात सापडले.

यातील बहुतेक रोगांवर रामबाण उपाय आज नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही दोषी प्रथिनाचे नाव कळणे ही लहान गोष्ट नव्हे. कोएन्झाइम क्यू-10 तयार न होण्याच्या काही विकारांत तेच द्रव्य वेळीच दिल्यास गुण येतो. तंतुकणिकेच्या जनुकसंहितेची नक्कल करणारे पोल-जी हे प्रथिन सदोष असेल, तर फिट्सवर एरवी उपयोगी पडणारे व्हॅल्प्रोएट हे औषध यकृत निकामी करून प्राण घेऊ शकते. अशा वेळी नाव ठाऊक असणे म्हणजेच जीव वाचणे. आईबापांना पुढील अपत्याचा विचारही त्यामुळे उघड्या डोळ्यांनी करता येतो.

म्हणून आमची विनंती एवढीच की, ‘प्रकृती उत्तम’ हा शेरा मारताना लेखणी जरा थबकावी. तपासणीत काही न सापडणे आणि काही नसणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.