गंजणारा गज म्हणजे चालती बॅटरी

खारघरच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पनवेलची खाडी. इथल्या खिडक्यांच्या ग्रिलना कितीही रंग द्या, पावसाळा सरला की सांध्यांपाशी तपकिरी ओघळ दिसतातच. ‘खारी हवा लागली,’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिथे एक विद्युतघट चालू असतो.

घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा. कडेच्या पाण्याला हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मधल्या पाण्याला कमी. एवढ्या फरकावर एकाच पट्टीवर दोन ध्रुव तयार होतात. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साइड आयन बनतात. थेंबात फिनॉल्फ्थॅलिन घातले, तर कडा गुलाबी होते. दोन्ही आयन जिथे भेटतात तिथे गंजाचे कडे उमटते, पण लोखंड झिजते ते मध्यभागी. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून खाडीकाठी हा घट जोरात चालतो.

कोणता धातू आधी झिजणार, हे इलेक्ट्रोड विभव सांगते. हायड्रोजनला शून्य धरले, तर तांबे +०.३४ व्होल्ट, कथील −०.१४, लोखंड −०.४४ आणि जस्त −०.७६. आकडा जितका खाली, तितका धातू इलेक्ट्रॉन सोडायला तयार. म्हणून जस्ती पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजते आणि उघडे पडलेले लोखंड वाचते. कथील चढवलेल्या डब्यात नेमके उलटे होते. तांब्याच्या नळीला थेट जोडलेला लोखंडी पाइपही जोडापाशीच आधी सडतो.

काँक्रीटमधल्या सळईला सिमेंटचा अल्कधर्म कवचासारखा जपतो. मिठातले क्लोराइड आत झिरपले की ते कवच फुटते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट तडकते. ५ जुलै १९८६ रोजी पणजीजवळ मांडवीवरचा पूल कोसळला, त्याचे कारण काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारांचे गंजणे हेच होते.

म्हणूनच गंजावर नुसता रंग फासणे म्हणजे चालू घट झाकून ठेवणे. आधी खरवडून स्वच्छ धातू उघडा करावा, जस्तयुक्त प्रायमर लावावा, मगच रंग द्यावा. स्लॅबची खपली पडलेली दिसली, तर गिलावा करण्याआधी सळई तपासून घ्यावी. सोसायटीच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात ही कलमे असायलाच हवीत.