मावळांतील घरबागेसाठीं जुने वेलगुलाब

मावळ तालुक्यांत गुलाबाचें नांव काढिलें म्हणजे हल्लीं तळेगांवाकडील हरितगृहें व फेब्रुवारींत तेथून परदेशीं जाणारीं लांब दांड्याचीं फुलें डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत लेखाचा विषय तो धंदा नव्हे. पडवीवर, कमानीवर किंवा मांडवावर चढवावयाच्या जुन्या वेलगुलाबांचा येथें विचार करावयाचा आहे.

जातीची निवड फुलाचा रंग पाहून न करतां पावसाचें मान पाहून करावी. लोणावळ्यास वर्षाकाठीं ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस तळेगांवीं तो ह्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून एका गांवीं बहरणारी जात दुसऱ्या गांवीं कुजली तर त्यांत नवल नाहीं.

थंड देशांतील वर्षांतून एकदांच फुलणाऱ्या जाती आमच्या सौम्य हिवाळ्यांत पालाच अधिक देतात. त्यांपेक्षां टी व नॉइझेट वर्गांतील जुने वेल घ्यावे. टी गुलाबांच्या पूर्वजांपैकीं रोझा जायगँटिया हा रानवेल मणिपुरांत आढळतो. १८८२ सालीं सर जॉर्ज वॉट ह्यांस तो तेथें दिसला. तेव्हां नांवें विलायती असलीं तरी ह्या कुळास उबदार हवा परकी नाहीं. तळेगांव, वडगांव भागांत १८३० चा पांढरा ‘लामार्क’ व १८६४ चा पिवळा, सुगंधी ‘मॅरेशल नील’ लावून पहावे. भरगच्च पाकळ्यांच्या कळ्या भिजून न उमलतां सडतात. म्हणून लोणावळ्यास एकेरी पाकळ्यांचा ‘मर्मेड’ (१९१८) किंवा बारीक गुलाबी फुलांचा वेली ‘सेसिल ब्रूनर’ अधिक बरा. मर्मेडचे कांटे मात्र तीक्ष्ण असल्यानें तो वाटेवर लावूं नये.

खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घेऊन त्यांत माती व कुजलेलें शेणखत भरावें. घाटमाथ्यावर झाड वीतभर उंच वरंब्यावर लावावें. मुळाशीं पाणी सांचलें कीं वेल गेलाच म्हणून समजावें. भिंतीपासून हातभर अंतर सोडल्यास हवा खेळते व काळे ठिपके कमी पडतात. ह्या रोगासाठीं पावसाच्या उघडिपींत एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे दर लिटर पाण्यास १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम चुना, फवारावें.

झुडपी गुलाबाप्रमाणें वेलाची खोल छाटणी करूं नये. ऑक्टोबरांत पाऊस ओसरल्यावर वाळलेलें लांकूड काढून, आडफांद्या दोन-तीन डोळ्यांवर छाटाव्या. मुख्य फांद्या आडव्या वळवून बांधाव्या. उभी फांदी शेंड्यासच फुलते, आडवी प्रत्येक डोळ्यास. कलमाच्या सांध्याखालून येणारे जंगली धुमारे मुळापासून ओढून काढावे, नाहींतर खुंटच मूळ जातीस मारून टाकितो.

शेवटीं एक विनंती. लोणावळ्याचे जुने बंगले पाडले जातात, तेव्हां त्यांच्या पडवीवरील वेलही तुटतात. अनेक पावसाळे सोसून तगलेला असा वेल, त्याचें नांव कोणास ठाऊक नसलें तरी, रोपवाटिकेंतील नव्या कलमापेक्षां अधिक भरंवशाचा. मालकाची परवानगी घेऊन शिसपेन्सिलीएवढ्या जाड फांदीचीं वीतभर लांबीचीं दहा-बारा छाटें घ्यावीं, दोनतृतीयांश भाग वाळूमिश्रित मातींत पुरून सावलींत ठेवावीं. त्यांतील दोन जरी जगलीं तरी एक शेजाऱ्यास द्यावें. दोन अंगणांतील वेल सहसा एकाच वेळीं नाहींसा होत नाहीं.