पोथीतील खूण आणि संगणकाची खिडकी

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. इ. स. १६०८ मध्ये ते तेथे जन्मले. त्यांच्या दासबोधातील एखादे वचन दाखवावयाचे झाले, तर 'अमुक पान, वरून सातवी ओळ' असे आपण सांगत नाही. दशक, समास आणि ओवी सांगतो. हस्तलिखित पोथी असो, मोठ्या टायपाची प्रत असो की खिशातील गुटका असो, पान बदलते, ओळ बदलते. ओवीचा अंक सहसा ढळत नाही. २० दशक व २०० समास यांतून हवे ते वचन सापडते ते यामुळेच. आज ज्या अडचणीचा विचार आम्हांस मांडावयाचा आहे, तिची उकल याच रीतीत आहे.

हाच ग्रंथ संगणकावर उघडून कोणी पाठ पडताळू लागला, म्हणजे संशयास्पद शब्दांवर तो पिवळा रंग देतो. पुढे खिडकीचा कोपरा ओढून ती अरुंद केली की ओळी नव्याने मोडतात, शब्द खाली सरकतात, आणि पिवळा पट्टा मात्र जागच्या जागी राहून भलत्याच शब्दावर बसतो. हा केवळ दिसण्यातला दोष नव्हे. खुणेवर विसंबणारा माणूस शुद्ध शब्द बदलील आणि अशुद्ध तसाच राहील.

कारण असे की, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पट्ट्याची जागा पडद्यावरील ठिपक्यांत मोजून ठेवलेली असते. कोणी म्हणेल, खिडकी निम्मी झाली तर आकडेही निम्मे करावेत. पानाचे छायाचित्र असेल तर हा हिशेब बरोबर आहे. पण मजकूर रबरासारखा आखडत नाही; अक्षरे तेवढीच राहतात आणि ओळी वाढतात.

तेव्हा खूण मजकुराशी बांधावी: ४१२ व्या चिन्हापासून ५ चिन्हे, अशी. खिडकी बदलली की आधी ओळींची मांडणी पुरी होऊ द्यावी; मग ती चिन्हे आता कोठे आहेत हे मांडणीलाच विचारून रंग पुन्हा भरावा. मांडणीपूर्वी विचारले तर जुनीच जागा हाती येते, आणि आमच्या मते पुष्कळ घोटाळे या घाईचेच असतात. खूण दोन ओळींत विभागली गेली तर पट्टेही दोन काढावे लागतात.

अक्षरांच्या रुंदीची बेरीज स्वतः करण्याच्या भरीस आपल्या लिपीत तरी पडू नये. 'भक्ति' हा शब्द डोळ्यांस दोन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे ५: भ, क, हलन्त, त आणि ऱ्हस्व वेलांटी. यातील वेलांटी साठवली जाते सर्वांत शेवटी आणि उमटते 'क्त'च्या डावीकडे! खुणेची कड जोडाक्षराच्या पोटात पडली तर रंग अर्धवट चढतो, म्हणून ती पूर्ण अक्षरावरच ठेवावी.

मजकुरात आधी कोठे भर पडली, तर पुढचे सगळे आकडे सरकतात. जावाच्या स्विंगमध्ये किंवा क्यूटीमध्ये मजकुराला बांधलेल्या खुणा अशा वेळी आपोआप पुढे सरतात; परंतु खुणा वेगळ्या साठवल्या आणि मजकूर दुसरीकडे बदलला, तर ती सोय उरत नाही. पोथीतही एका प्रतीत एक ओवी अधिक असली की त्या समासातले पुढचे अंक चुकतात. अशा खुणेबरोबर आकडा तर नोंदवावाच, शिवाय मागचेपुढचे चार शब्दही नोंदवावेत, म्हणजे आकडा चुकला तरी शब्दांवरून जागा शोधता येते.